झोपलेल्याला उठवायचं नाही

३ मार्च

मायना लिहायला विसरलेले नाही. तुला काय म्हणून हाक मारायची ते सहा वर्षांत ठरलेलं नाही, म्हणून जागा कोरी सोडली आहे.

आईचं तिकीट सापडलं. कुठे, तर तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली. माझ्या ड्यूटीच्या कोटाचं एक बटण तुटलं होतं, तसं काळं बटण शोधत होते, तर हातात घडी घातलेला कागद आला. वर आईचं नाव, खाली तुझं शहर, आणि प्रवासाचा वेळ पंधरा तास दहा मिनिटं. मी तिथेच स्टुलावर बसले. पाच मिनिटं मला त्या कागदावरचं पुढचं काही वाचताच येईना.

आई शेंगा सोलत होती. तिला कागद दाखवला तर चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हणाली, तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून नाही विचारलं. चार महिने ती शेजारच्या शिंपीणकाकूंच्या फोनवरून तुझ्याशी बोलते आहे, आणि मी रोज घरी आल्यावर विचारते की आज काय केलंस, तर म्हणते, काही नाही गं, पडले होते जरा. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आणि काय हे वागणं! तू तिला शिकवलंस की तिने तुला, ते तुम्ही दोघं बघा.

मी फोन करू शकले असते. करणार नाही. तुझा आवाज ऐकायचा नाही असं मी ठरवलं होतं आणि ते मोडायचं कारण अजून मिळालेलं नाही. मेसेज पाठवला की तू वाचलास हे मला दिसतं आणि मला दिसलं हे तुला कळतं, तो तमाशाही नको. कागद बरा.

एकदाच लिहिते, नीट वाच. एक माणूस असाच पंधरा तासांच्या विमानात बसून तुझ्याकडे आला होता. खिडकीशी बसला होता. शेजारी दोन परके लोक झोपले होते, म्हणून हा माणूस एकदाही उठला नाही, आणि उतरल्यावर तुला कौतुकाने सांगितलं की कुणालाही त्रास दिला नाही बरं का. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या टेबलापाशी चहाचा कप हातात घेऊन कोसळला. पायात झालेली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, असं तिकडच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. तीस वर्षं ग्रंथालयात शिपाई होते आपले बाबा. वाचणाऱ्यांना आवाज होऊ नये म्हणून रबरी तळाचे बूट घालून चालायचे, हे तुला माहीत नव्हतं? अशा माणसाला तू खिडकीत कोंबलंस. हे मी, तू त्यांना पेटीतून घेऊन आलास तेव्हा, इथल्या विमानतळावर सगळ्यांसमोर बोलले आणि आजही तेच म्हणते. तू एक शब्द बोलला नाहीस. खिशात हात घातलास आणि तसाच बाहेर काढलास, रुमाल शोधत असशील. गप्प बसलास म्हणजे कबूलच केलंस.

मला विचारशील तर मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. मी बसची कंडक्टर, मला बसमधलं कळतं, विमानातलं काय कळणार?

आईला नातीला बघायचं आहे. तिला मी अडवू शकत नाही, हे मला गेल्या दोन दिवसांत कळून चुकलंय. पण तिकिटावर सीटचा नंबर नाही. वाटेकडची घे. खिडकी नको, मधली नको. एवढं तरी कर.

— ताई (सही करायची सवय म्हणून)


१४ मार्च

आईने फोनवर विचारलं म्हणे. तू वाटेकडचीच घेतली आहेस, अडतीस सी, आणि तीही माझं पत्र पोचायच्या आत. चला, उशिरा का होईना अक्कल आली.

मी सकाळची अर्धी रजा टाकून डेपोच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. आमच्या लोकांच्या पाठी आणि गुडघे बघणाऱ्या त्याच, त्यांना बसून राहणाऱ्यांची दुखणी पाठ आहेत. म्हटलं, एवढ्या लांब जायचंय, म्हातारं माणूस आहे, काय काय करायचं ते सांगा. त्यांनी तासभर सांगितलं. पोटरी म्हणजे पायातलं रक्त वर ढकलणारा पंप आहे म्हणे. माणूस चालला नाही तर तो बंद. मग रक्त खाली साचतं, घट्ट होतं. त्यात पाणी कमी प्यायलं तर आणखीच घट्ट. दर तासाला उठायचं, चार पावलं चालायचं. बसल्या बसल्या टाचा वर, चवडे वर करत राहायचं. पायावर पाय टाकून बसायचं नाही. झोपेची गोळी घ्यायची नाही. पायांपाशी पिशवी ठेवायची नाही, म्हणजे पाय लांब करता येतात. गुडघ्यापर्यंतचे घट्ट पायमोजे घालायचे, तेही सकाळी पाय सुजायच्या आत माप घेऊन आणलेले.

मी सगळं लिहून घेतलं आणि मग विचारलं की यातलं काहीच केलं नाही तर काय होतं. बाईंना आपल्या घरातलं माहीत नाही. त्यांनी सांगितलं, सरळ, एखाद्याला रस्ता सांगावा तसं. आधी पोटरी दुखते, माणसाला वाटतं अवघडली. मग सूज येते, वाटतं प्रवासाने आली. कुणाला सांगत नाही. आणि मग एक दिवस श्वास.

मी बाहेर आले ती दुपारच्या गाडीवर गेले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, माणसं चढून बसली, ड्रायव्हर आरशातून बघतोय, आणि मला डबल बेल द्यायची हे सुचेना. तो मागे वळून म्हणाला, बाई, जायचं ना? मी दोरी ओढली. एवढंच होतं रे. पाणी आणि चार पावलं.

बसमध्ये आम्ही उलटं सांगतो. पाणी बेताने प्या, गाडी मध्ये थांबत नाही. विमानाचं वेगळं असतं, हे मला माहीत नव्हतं. असो.

आईसाठी यादी करते आहे. माझी यादी तुला ठाऊक आहे. लांबच्या प्रवासाला निघालेलं माणूस डेपोत आलं की ड्रायव्हर लोक म्हणतात, बाईंकडून यादी घेऊन जा. बाबांना जाताना अशी यादी कुणी दिली असती तर आज ही वेळ आली नसती.


२९ मार्च

आईची तालीम चालू आहे. हसू नकोस.

बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या ओळीत लावल्या, पुढे कपाट आडवं आणलं, म्हणजे पाय किती पसरतात ते कळावं. विमानातल्या दोन सीटांमधलं अंतर मी डेपोतल्या सीट बसवणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, आपल्या साध्या गाडीपेक्षा कमीच असेल. ते ऐकून मला रागच आला. इतक्या लांब जाणाऱ्याला इतकी कमी जागा? आईला मी मुद्दाम खिडकीच्या खुर्चीत बसवलं. तू वाटेकडची घेतलीस हे खरं, पण ऐनवेळी बदलली तर? मधे शिंपीणकाकू, कडेला मी. आम्ही दोघींनी झोपेचं सोंग घ्यायचं आणि आईने आम्हाला उठवून बाहेर जायचं.

पहिल्यांदा आई अर्धा तास नुसती बसली. मी एक डोळा किलकिला करून बघत होते. म्हटलं, हिलाही नाही जमत की काय? तेवढ्यात तिने काकूंच्या दंडाला असा चिमटा काढला की काकू ओरडून उभ्या राहिल्या. म्हणाली, घोरायचं सोंग कशाला करायचं, झोपलेल्या बाया एवढं घोरत नाहीत. मग आम्ही तिघी हसत सुटलो. नंतर तिला शिकवलं की चिमटा नाही, नुसता हात लावायचा आणि म्हणायचं, जरा उठता का, मला पाय मोकळे करायचेत. आता ती ते वाक्य येता-जाता म्हणते. काल दूधवाल्याला म्हणाली.

मोजे आणलेत. घालताना तिने माझ्या आणि मोज्यांच्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रोज सकाळी घालून स्वयंपाक करते आणि संध्याकाळी म्हणते, पाय हलके वाटतात गं, पण तुला सांगणार नव्हते.

उतरताना कान दुखतात, तेव्हा आवंढा गिळायचा. मानेला उशी पुढून लावायची, मान छातीवर पडत नाही. सैल कपडे, आणि अंगावर घ्यायला शाल, कारण आत गार असतं. सगळं बत्तीस कलमी झालंय. आईने घडी करून चोळीच्या आत ठेवलंय.

तुझी बायको विमानतळावर येणार असेल तर तिला सांग, आई उतरल्या उतरल्या दोन्ही पोटऱ्या दाबून बघ. एक दुखली किंवा एकच सुजली तर घरी न नेता थेट इस्पितळात. तू एक्स-रे काढतोस ना तिथे, मग तुला एवढं समजायला हवं होतं. हे मी भांडायला नाही लिहिलं. म्हणजे, भांडायलाच लिहिलं.


११ एप्रिल

पोचली. फोनवर तिचा आवाज असा होता की जाऊन पुन्हा येऊ शकेल.

मागे तुझी मुलगी काहीतरी गात होती. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आईने मला सगळं रंगवून सांगितलं. पहिल्या तासालाच ती उठली. तिच्या पलीकडे बसलेल्या दोघांनाही उठवलं, म्हणाली, तुम्हीही चला, पोटरी म्हणजे पंप असतो. पहाटेपर्यंत तिच्यामागे मागच्या भागात पाच-सात जण टाचा वर-खाली करत उभे होते, आणि विमानातल्या मुलीने तिला बसा म्हटलं तर हिने तिलाच यादी दाखवली. अठरा पेले पाणी प्यायली. मोजले म्हणे.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि आईला ते फोनवरून कसं कळलं देव जाणे. म्हणाली, रडतेस कशाला, मी जिवंत आहे.

तुझं नाव काढून विचारते असं समजू नकोस, पण तू तिला घ्यायला आला होतास आणि तिथेच जमिनीवर बसून तिच्या दोन्ही पोटऱ्या बघितल्यास, सगळे लोक बघत होते, असं ती म्हणाली. बरं केलंस.


१५ एप्रिल

मला काय लिहायचं ते कळत नाही. लिहायला बसून दोन तास झाले. आज मी ड्यूटीवर गेले नाही.

दुपारी आईचा फोन आला. तू कामावर होतास, तुझी बायको छोटीला आणायला शाळेत गेली होती. आई तुझं कपाट आवरत होती. तिला सांगितलं होतं ना, दुसऱ्याच्या कपाटात हात घालू नकोस. तर तिला बाबांचा तपकिरी कोट सापडला. तू ठेवला आहेस हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आतल्या खिशात पाकीट होतं आणि त्यात एक चिठ्ठी. आई खुशीत होती. म्हणाली, अगं, तुझ्या हातची आहे, तुझं अक्षर, तुमच्या गाडीच्या छापील फॉर्मच्या पाठीवर लिहिलंय, पोराने किती जपून ठेवलंय बघ. थांब, तुला वाचून दाखवते.

आणि तिने वाचायला सुरुवात केली.

चढायच्या आधी दोन तास पाणी बंद. मग घोट घोट, तेही ओठ ओले करण्यापुरतं. म्हणजे उठावं लागत नाही.

खिडकी धरा. मिळाली नसेल तर मागून घ्या. खिडकीवाल्याला कुणी उठवत नाही, ऊठबस लागत नाही, डोकं टेकता येतं.

सामान दोन्ही पायांमध्ये धरायचं. पाय सोडायचे नाहीत, झोप लागली तरी.

झोपलेल्याला उठवायचं नाही. त्यानेही तिकीट काढलेलं असतं.

इथे आई थांबली. मग आई म्हणाली, "पुढचं अक्षर लागत नाही गं मला."

मागच्या वर्षीच तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. आता ती औषधाच्या बाटलीवरचं वाचते.

मी फोन ठेवला.

ढब्बू, पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. ते लिहिताना मला ते खरं वाटत होतं, शपथ घेऊन सांगते. आता आठवतंय. डेपोच्या बाकावर, गाडी लागलेली, बाबा जायच्या आदल्या दिवशी मला भेटायला आले होते आणि म्हणाले, यादी दे की मलाही, सगळ्यांना देतेस. मी घाईघाईत गुडघ्यावर फॉर्म धरून पाच मिनिटांत लिहिलं. प्रत्येकाला देते तेच. आमची गाडी पाच तास जाते रे. पाच तासांना ते सगळं बरोबर आहे. लोक मला दुवा देतात. सव्वीस वर्षांत कुणाचं काही वाकडं झालं नाही. विमान म्हणजे मोठी बस असं मला वाटलं. मी काही विचारलं नाही कुणाला, कारण प्रवासातलं मला विचारतात लोक, मी कुणाला विचारायचं?

डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हाच आत काहीतरी हललं होतं. पाण्याचं ऐकलं तेव्हा. मी ते दाबून टाकलं आणि तुला लिहिलं, असो.

तू विमानतळावर खिशात हात घातलास तो रुमालासाठी नव्हता, हो ना? चिठ्ठी तेव्हा तुझ्या खिशात होती. मी सगळ्यांसमोर तुला म्हणाले की तू मारलंस, आणि तू हात रिकामा बाहेर काढलास.

एकच सांग. त्यांची खिडकीची सीट तूच घेतली होतीस ना? एवढं तरी तुझं असू दे.


१९ एप्रिल

पत्र पोचायची वाट बघवली नाही. आईला फोन करून सांगितलं की त्याला विचार, आधी कोणती सीट घेतली होतीस. आईने तुला विचारलं. तू म्हणालास, आठवत नाही, खिडकीचीच असेल.

मेल्या, तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. शाळेची पाटी फोडलीस तेव्हाही असंच म्हणाला होतास, आठवत नाही.

मी आईला परत कोटाकडे पाठवलं. पाकिटात अजून काय आहे ते बघ म्हटलं. ती म्हणाली, कशाला उकरतेस, झालं ते झालं, पोरी. मी ऐकलं नाही. शेवटी तिने बघितलं. दोन कागद होते. एक तू पाठवलेलं तिकीट. त्यावर तुझ्या पेनने गोल केलेलं, एकेचाळीस सी. दुसरा कागद त्यांना चढताना मिळालेला, त्यावर एकेचाळीस ए.

आईला त्यातलं काही कळलं नाही, तिने नुसती अक्षरं वाचली. मला कळलं. गेला महिनाभर मी तेच शिकत होते. सी म्हणजे वाट. ए म्हणजे खिडकी.

तू त्यांना वाटेकडची दिली होतीस. अक्कल तुला उशिरा नाही आली. तुला होतीच. मीच त्यांना लिहून दिलं होतं, मिळाली नसेल तर मागून घ्या.

आणि मी तिथे होते, ढब्बू. त्यांना सोडायला मीच गेले होते. काचेच्या अलीकडे उभी होते. ते काउंटरवर बराच वेळ बोलत राहिले. मला नवल वाटलं, कारण बाबा कुणाकडे काही मागायचे नाहीत, दुकानात सुटी बडीशेप ठेवलेली असली तरी घ्यायचे नाहीत. त्या माणसाने सगळ्या आयुष्यात बहुतेक तेवढीच एक गोष्ट मागून घेतली, आणि ती मी सांगितली म्हणून. मग ते वळले, कागद उंच धरला, त्यावर बोट ठेवून मला दाखवलं आणि हसले. मला वाटलं, कागद मिळाला म्हणून हसतायत. मी हवेत दोरी ओढल्यासारखं केलं, दोनदा. डबल बेल. जाऊ द्या म्हणून.

सहा वर्षं मी हा प्रसंग लोकांना सांगत आले की बाबा जाताना किती आनंदात होते.

आईने विचारलं, त्या अक्षरांचा अर्थ काय गं? मी सांगितलं. मी लपवलं नाही तिच्यापासून. ती म्हणाली, "मला वाटायचं त्याला वाईट वाटतं म्हणून तो आपल्याकडे येत नाही. तो तर तुला सांभाळत होता."

तिने फोन ठेवला नाही आणि मीही नाही. तिकडे कुकरची शिट्टी झाली ती ऐकू आली.

तुझं लग्न झालं तेव्हा मी आले नाही. मुलगी झाली तेव्हा एक ओळ पाठवली नाही. तू दरवर्षी पाठवलेलं पत्र मी न फोडता कपाटावर टाकत गेले. काल सहाही फोडली. एकातही त्या चिठ्ठीचा उल्लेख नाही. एकात तू लिहिलंयस, ताई, तू अजून त्याच गाडीवर आहेस का, पाठ दुखते का. मला हे वाचवेना.

डेपोत आज एक म्हातारे गृहस्थ यादी मागायला आले. मी आत जाऊन बसले. ड्रायव्हरने त्यांना सांगितलं, बाई आज देत नाहीत.


९ जून

हे विमानात लिहिते आहे. तुला कळवलेलं नाही, आईलाच सांगितलंय, आणि तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून आजच सांगितलंय. म्हणजे तू येशील.

मी एकेचाळीस ए घेतली आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, वाटेकडची रिकामी आहे, ती देऊ का? मी म्हटलं, नको. मला बघायचं होतं ते कुठे बसले होते.

मोजे घातलेत. पिशवी वर ठेवली आहे. पाण्याची बाटली पुढच्या खिशात आहे. सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यासारखं. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई आहेत, त्यांच्या पलीकडे कोट घातलेला एक धिप्पाड माणूस. विमान वर गेलं आणि दोघांनी डोळे मिटले.

तासाभराने मी उठायचं ठरवलं. आणि मला जमेना.

माझं काम काय आहे? झोपलेल्याला उठवायचं. तिकीट, तिकीट, चला, पुढच्या थांब्यावर उतरायचंय ना. हजारो लोकांना मी उठवलंय, पोराबाळांना, पैलवानांना, एकदा तर आमच्या मोठ्या साहेबांना. पण ते कामासाठी, दुसऱ्याच्या भल्यासाठी. माझ्या स्वतःच्या पायांसाठी या दोघांना उठवायचं म्हटल्यावर हात पुढे जाईना. वाटलं, अजून थोडं थांबू, ते आपणहून उठतील. मग जेवण येईल तेव्हा. मग ताटं उचलतील तेव्हा. ताटं उचलली आणि ते परत झोपले. अडीच तास झाले. पोटरी जड झाली. मी टाचा वर-खाली करत होते आणि समोरच्या छोट्या पडद्यावरचं विमान जागचं हलत नव्हतं.

मग मला बाबा दिसले. दिसले म्हणजे काही चमत्कार नाही. ते इथे कसे बसले असतील ते कळलं. पिशवी दोन्ही पायांमध्ये. ओठ ओले करण्यापुरतं पाणी. चिठ्ठी खिशात, आणि दर वेळी उठावंसं वाटलं की मनात माझी ओळ. आपल्या मुलीला कळतं प्रवासातलं. पंधरा तास त्यांनी माझं ऐकलं. कुणी माझं इतकं ऐकलेलं नाही.

मी शेजारच्या बाईंच्या हाताला हात लावला आणि आईचं वाक्य म्हटलं. जरा उठता का, मला पाय मोकळे करायचेत.

बाईंनी लगेच डोळे उघडले. म्हणाल्या, "बरं झालं बाई. मलाही कधीचं जायचंय, पण त्यांना कसं उठवायचं म्हणून बसले होते."

आणि त्यांनी त्या माणसाला हात लावला. तो उठला. सॉरी म्हणाला आणि बाजूला झाला. संपलं. ढब्बू, संपलं! मोजून सहा-सात सेकंद लागले असतील. मी त्या वाटेवर उभी राहिले आणि मला चालताच येईना, सीटची पाठ धरून मी तशीच उभी. त्या बाईंना वाटलं मला चक्कर आली. मी कसं सांगू त्यांना?

नंतर दर तासाला उठलो आम्ही, तिघंही. तो धिप्पाड माणूस आता स्वतःच विचारतो, काय ताई, चालायचं का?

आणखी दोन तास राहिलेत. तुला काय सांगायचं ते मी ठरवलंय. मागच्या वेळी मी जे बोलले ते विमानतळावर, सगळ्यांसमोर बोलले. आता जे बोलायचं तेही विमानतळावरच बोलणार, सगळ्यांसमोर, तुझ्या बायकोसमोर आणि तुझ्या मुलीसमोर. घरात नेऊन, दार लावून नाही. चिठ्ठी माझी होती. सीट तू नीट घेतली होतीस. तू मारलं नाहीस. आईला तुझ्या शेजारी उभी कर, म्हणजे तिलाही ऐकू येईल. माझा आवाज तुला माहीत आहे, शेवटच्या सीटपर्यंत जातो.

पण गेल्या दोन महिन्यांत असं होतंय की मधेच आवाज बसतो. परवा गाडीत थांब्याचं नाव सांगताना बसला, ड्रायव्हरने माझ्याऐवजी ओरडून सांगितलं. म्हणून हे लिहून ठेवते आहे. बोलता आलं तर हा कागद माझ्याच पिशवीत राहील.

तुझ्या हातात आला असेल, तर समज की माझा आवाज फुटला नाही. मग वरच्या, ‘चिठ्ठी माझी होती’पासूनच्या तीन ओळी तूच वाच. तिथेच उभा राहून, मोठ्याने. माझी ताई असं म्हणते आहे, असं सांगून वाच.